भिंतीतला आधीचा कारागीर

माझ्या मामाने आयुष्यभर भिंती रंगवल्या आणि खरवडली ती एकच. तरी आमच्या कॉलनीत त्याला आता 'खरवड्या' म्हणतात. ज्यांच्या दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या वेळा आणि गेटवरचे घरनंबर मामाच्या हातचे आहेत, तेच लोक म्हणतात. ही नावं ठेवणारी तोंडं मला एकूण एक माहीत आहेत. म्हणून त्या भिंतीची गोष्ट मी सांगणार आहे आणि माझ्या पद्धतीने सांगणार आहे. ज्यांना झोंबायची त्यांना खुशाल झोंबू दे.

मामा पाट्या रंगवणारा पेंटर. आई नोकरीला जायची, म्हणून माझी शाळेनंतरची सगळी दुपार त्याच्या दीड खोलीत जायची. अर्ध्या खोलीत स्वयंपाक आणि एका खोलीत रंग. डबे उतरंडीसारखे एकावर एक, ब्रश रॉकेलच्या डब्यात लटकवलेले, आणि टर्पेंटाइनचा वास असा की मामीच्या चहालाही यायचा. मामी त्याची बायको तशी मदतनीसही. अक्षरं एका ओळीत यावीत म्हणून भिंतीवर सूत मारायचं, म्हणजे दोरीला नीळ चोळून ती दोन टोकांना ताणायची आणि मधे उचलून सोडायची; भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. दोरीचं एक टोक कायम मामीच्या हातात. ती म्हणायची, लग्नात यांनी माझा हात धरला, त्यानंतर फक्त दोरीच धरायला दिली.

कामात मामा भलता हट्टी. भिंतीत टाचणीएवढं भोक दिसलं तरी त्यात लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, भरल्याशिवाय तो रंगाचा डबा उघडायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, एवढ्या खाली कोण बघतंय? मामा उकिडवा बसून भरतच राहायचा. आणि दुसऱ्याच्या पाटीला तो कधी हात लावायचा नाही. समोरच्या चहावाल्याची पाटी कुणा नवख्याने अशी वाकडी रंगवली होती की मामा रोज तिथे चहा पिताना मान तिरकी करून बसायचा. चहावाला म्हणाला, एकदा सरळ करून टाक ना. मामा म्हणाला, ज्याची आहे तो करेल. मान अवघडली तरी चालेल, पण त्याने ब्रश लावला नाही.

मग फ्लेक्स आले. मामाच्या हातून दुकानं गेली, मग दवाखाने गेले, आणि उरलं ते 'गेटसमोर गाडी लावू नये'. मी चष्म्याच्या दुकानात कामाला लागले होते. जाता-येता मामा दारात बसलेला दिसायचा. ब्रश धुऊन, वाळवून, पुन्हा धुवायचा.

अशात आमच्या कॉलनीच्या सुशोभीकरण समितीला मधमाश्यांचा कळवळा आला. जगभर माश्या कमी होताहेत, आपण काहीतरी केलं पाहिजे, असं अध्यक्षांनी कुठेतरी ऐकलं होतं. ऐकलं ते चांगलंच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यांनी केलं काय? कॉलनीच्या मागे जुन्या लाकडाच्या वखारीची मोकळी जागा होती. तिथे कुणी न लावलेली झुडपं होती, वर्षभर त्यांना काही ना काही बारीक फुलं असायची. एका बाजूला उघड्या मातीचा उतार होता. समितीने आधी मशीन लावून झुडपं साफ केली. मग उतारावर फरशा बसवल्या, कारण मातीने बूट खराब होतात. झुडपांच्या जागी नर्सरीतली झाडं आणली. त्यांची फुलं अशी भरगच्च की पाकळ्यांच्या आत पाकळ्या, आणि त्यांच्या आत काहीच नाही. मग परक्या जातीच्या पाळीव मधमाश्यांच्या पांढऱ्या पेट्या मागवून ओळीने मांडल्या आणि वर कमान उभी केली: मधमाशी उद्यान. घर पाडायचं, अंगणात फरशी घालायची, आणि मग भाड्याने पाहुणे आणून बसवायचे, हा तो कळवळा.

राहता राहिली वखारीची लांबलचक भिंत. जुन्या विटांची, आणि वखारवाल्यांनी खुंट्या-खिळे ठोकून ठोकून तिची चाळण केलेली. तिच्यावर एक भलीमोठी मधमाशी रंगवायची ठरली. हाताने रंगवलेलं फोटोत चांगलं दिसतं म्हणून काम मामाकडे आलं.

मामाचा आनंद काय सांगू. त्याने शिडीच्या मोडक्या पायऱ्या बदलल्या, चौकटी आखून कागदावर माशी काढली, आणि तिचे पाय नक्की कुठून फुटतात ते कळावं म्हणून माझ्याच दुकानातलं भिंग मागून नेलं. मामी म्हणाली, "इतके दिवस माश्या मारत बसला होतात, आता माश्या रंगवा." मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. ही आपली शेवटची मोठी भिंत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग लांबी. मामी पांढरं सिमेंट घालून ती मळायची आणि मामा पोलादी पत्र्याने भोकं बुजवत जायचा. बुजवता बुजवता त्याच्या लक्षात आलं की बरीच भोकं आधीच कुणीतरी बुजवून ठेवली आहेत. मातीने, पण काय सफाईने! कडेला फट नाही, वर फुगवटा नाही. पत्र्याच्या पाठीने ठोकून पाहिलं तर पक्की. मामा खूश झाला. घरी येऊन म्हणाला, आपल्या आधी कुणीतरी खरा कारागीर त्या भिंतीवर काम करून गेलाय. जे भरलेलं पक्कं आहे ते उकरायचं नाही, हा त्याचा धर्म. म्हणून त्याने ती माती तशीच ठेवली आणि वरून लांबीचा हात फिरवला. भिंत अशी गुळगुळीत झाली की बोट फिरवलं तरी भोक कुठे होतं ते सांगता येऊ नये.

उद्घाटनाच्या भाषणासाठी समितीने कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना बोलावलं होतं. त्या जागा पाहायला आधी येऊन गेल्या, तेव्हा दुकानाला सुट्टी असल्यामुळे मीही तिथे होते. पेट्यांकडे त्यांनी नुसतं पाहिलं. भिंतीपाशी मात्र थबकल्या आणि विचारलं, इथे भोकं होती ना? मामा अभिमानाने म्हणाला, होती, आता एक शोधून दाखवा.

मॅडमनी शोधलं नाही. त्या शिडीच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी आम्हाला सांगितलं ते असं. पेट्यांतल्या माश्या पाळलेल्या. पण इथल्या मूळच्या कितीतरी माश्या पोळं करत नाहीत, त्यांना राणी नसते, मध साठवत नाहीत. प्रत्येक मादी एकटी राहते. तयार भोक शोधते, आत फुलांच्या परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, मातीची भिंत घालते, पुन्हा गोळा, पुन्हा अंडं. भोक भरलं की तोंडाशी ओल्या मातीचं बूच बसवते आणि मरून जाते. पिल्लं आत वाढतात आणि ऋतू बदलला की माती कुरतडून बाहेर येतात. या कॉलनीतल्या फळझाडांना फळ धरतं त्यात या माश्यांचा मोठा वाटा आहे. पोळं राखायचं नसल्यामुळे त्या कुणाच्या अंगावरही येत नाहीत. उतारावर फरशा घातल्या तेव्हा जमिनीत राहणाऱ्या गेल्या. भिंतीतल्या तेवढ्या उरल्या होत्या.

मामाने विचारलं, "म्हणजे माझ्या आधीचं ते काम त्यांचं?"

"हो."

"आणि आत पोरं आहेत?"

"आहेत. माती त्यांना कुरतडता येते. सिमेंट नाही येणार."

मामाने हातातला पत्रा खाली ठेवला. मला त्याच्याकडे बघवेना. या माणसाने आयुष्यात कधी अर्धवट काम केलं नव्हतं. तेच नडलं. एखादा चुकार पेंटर असता तर त्याने वरवर रंग फासला असता आणि निम्म्या माश्या वाचल्या असत्या.

आम्ही तिघं अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्षांची एक सवय आहे, ते आधी मान डोलावतात. मॅडम बोलत होत्या तोवर ते डोलावत राहिले. मग म्हणाले की सगळं पटतंय, पण भोकाभोकांची भिंत पाहुण्यांना काय दाखवायची? आणि मग तो शब्द बोलले, जो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मॅडम, माश्या पेट्यांमध्ये आहेत. भिंतीत असतात ते किडे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाच्या कोटावर मधमाशीचा बिल्ला, ज्याच्या गेटवर 'माशी वाचवा'चं स्टिकर, तो माणूस हे म्हणतो! त्याला माशी हवी होती ती चित्रातली, पेटीतली, बिल्ल्यावरची. खरी माशी त्याच्या भिंतीत राहत होती, भाडं मागत नव्हती, फोटोला उभी राहत नव्हती, म्हणून ती किडा. मी तोंड उघडलं होतं, पण मामाने माझा हात दाबला. त्याने अध्यक्षांना एवढंच विचारलं की लांबी अजून पुरती आवळलेली नाही तोवर तेवढी मातीची भोकं उघडू द्याल का, माशी मी त्यांच्या आजूबाजूने रंगवेन. अध्यक्ष म्हणाले, पेंटर, तुम्ही पेंटिंग करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने रंगाचा डबा उघडलाच नाही. पण आता भोकं सापडायची कशी? आपल्याच सफाईने त्याला आंधळं केलं होतं. मग त्याने मोठा ब्रश पाण्यात बुडवून सगळी भिंत ओली केली आणि तो आणि मामी समोर बसून राहिली. विटेवरची लांबी आधी वाळते, मातीवरची उशिरा. ऊन चढलं तशी भिंत पांढरी पडत गेली आणि तिच्यावर काळपट ठिपके उरले. मामीने प्रत्येक ठिपक्याभोवती खडूने गोल काढला. मामा पत्र्याच्या कोपऱ्याने लांबीची खपली उचलू लागला, अशी की खालच्या मातीला ओरखडा जाऊ नये.

लोक जमले. कुणी म्हणालं पेंटरचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं याने मुद्दाम काम लांबवलंय. 'खरवड्या' हा शब्द तिथेच जन्माला आला, आणि त्याचा जनक कोण हेही मला माहीत आहे. त्याच्या दुकानाची पाटी मामाने फुकट रंगवून दिली होती. अध्यक्षांनी वॉचमनला शिडी काढून घ्यायला पाठवलं. वॉचमन आला तेव्हा मामी शिडीच्या मधल्या पायरीवर मांड ठोकून बसली होती. म्हणाली, ने, पण मला धरून ने. बिचारा गेला परत. मी दुकानातून धावत आले आणि अध्यक्षांना जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यातला एक शब्दही मी परत घेतलेला नाही.

संध्याकाळपर्यंत बहुतेक ठिपके उघडे झाले. आणि मामाचं काम गेलं.

समितीने मग काय करावं? भिंत झाकली. एका दिवसात छापून आलेला भिंतभर फ्लेक्स, त्यावर पाळीव मधमाशीचा फोटो, आणि वाऱ्याने फडफडू नये म्हणून चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकून घट्ट बसवलेला. मॅडमचं भाषण वेळेअभावी रद्द झालं. मॅडमनी समितीला सांगितलं, मामाही स्वतः जाऊन सांगून आला, की आता भोकं उघडी आहेत, पण माश्या बाहेर येतील त्या फ्लेक्सच्या आत अडकतील. उत्तर मिळालं, बघू. उद्घाटनाच्या दिवशी पेट्यांमधली एक माशी अध्यक्षांच्या कानाला डसली आणि ते फीत कापायची कात्री तशीच टाकून धावले. मला फार बरं वाटलं, हे मी कशाला लपवू.

त्यानंतर मामा रोज सकाळी त्या फ्लेक्सला कान लावून यायचा. समितीकडेही जायचा. कधी मीटिंग झाली नव्हती, कधी मीटिंगमध्ये विषय राहून गेला होता. मामाला कधी कुणापुढे हात जोडताना मी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि तेही एका किड्यासाठी, असं कॉलनी म्हणत होती.

थंडी सरली. एका सकाळी मी दुकानाचं शटर उघडत होते तर मामी येऊन उभी राहिली. म्हणाली, चल, ते तुला बोलावताहेत. भिंतीपाशी मामा दोन्ही तळवे फ्लेक्सवर टेकून उभा होता. मी कान लावला. आतून टपटप आवाज येत होता, मूठभर मोहरी कुणी कागदावर सोडत असावं तसा. उजेडाच्या दिशेने त्या येत होत्या आणि प्लास्टिकवर आपटत होत्या. फ्लेक्सवर ऊन आलं होतं, हात लावला तरी चटका बसत होता. खालच्या कडेला पट्टीवर काही पडून राहिल्या होत्या, त्यांच्या सावल्या दिसत होत्या.

मामा अध्यक्षांकडे गेला, मी मागोमाग. ते बाहेरच्या पायरीवर पेपर वाचत होते. मामाने सांगितलं. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, फ्लेक्स समितीची मालमत्ता आहे, काढायला ठराव लागेल, या महिन्यात घेऊ.

मामा तसाच मागे वळला. तो घरी गेला आणि दोरी, निळीची पुडी आणि धार लावलेला पत्रा घेऊन आला. मी पट्ट्या उपटायला धावले, तर त्याने मला थांबवलं. पट्ट्या भिंतीत ठोकल्या आहेत, हिसका बसला तर माती सुटेल, म्हणाला. मग मला कळलं तो काय करणार आहे. मान अवघडली तरी दुसऱ्याच्या पाटीला हात न लावणारा माझा मामा.

मामीने न सांगता दोरीचं टोक धरलं आणि भिंतीच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली. मामाने दोरी ताणली, मधे जाऊन उचलली आणि सोडली. फोटोतल्या मधमाशीच्या पोटावरून सरळ निळी रेघ उमटली. मग तिच्याखाली तशीच दुसरी. मग मामा पत्रा टेकवून दोन्ही रेघांवरून चालत गेला, तसूभर न हलता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधला पट्टा सुटून खाली लोंबला.

पहिली माशी बाहेर आली ती मामाच्या हातावरच बसली. करडी, लवदार, माझ्या नखाएवढी. पंख झाडले आणि उडाली. मग दुसरी आली, मग मोजायच्या पलीकडे. मामी तोंडाला पदर लावून रडत होती आणि तिचं मधूनमधून चाललं होतं, जा गं बायांनो, जा. मला रडू आलं ते वेगळ्या कारणाने. झुडपं कापलेली, माती फरशीखाली. बाहेर आलेल्या त्या जिवांनी जायचं तरी कुठे, याचा ठराव कोणती समिती घेणार होती?

मामीने डोळे पुसले आणि घरून रंगाच्या मोठ्या डब्याचं झाकण आणलं, त्यात ओली माती. भिंतीखाली ठेवून दिलं. पुढच्या भोकाला बूच लागेल ना त्यांना, म्हणाली.

तेवढ्यात अध्यक्ष आले, मागे वॉचमन आणि अर्धी कॉलनी. अध्यक्ष त्या लोंबत्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, "फ्लेक्स फाडलात तुम्ही?"

मामाने पत्रा फडक्याला पुसला.

"फाडला नाही," तो म्हणाला. "सुतात कापलाय. बघा, कुठे वाकडा गेला असेल तर सांगा."